एअर पिस्तूलचे छर्रे: निवडायचे कसे, तपासायचे कसे, जपायचे कसे (बेळगाव भागातल्या नवीन मंडळींसाठी)

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यानं नेमबाजीत काय करून दाखवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत वर्ल्ड चॅम्पियन, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये राही सरनोबतचं गोल्ड, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ. हे सगळं बघून आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली पोरंपोरी दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला लागलीत की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठलं पिस्तूल घेऊ. दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारतच नाही, तो म्हणजे त्यात घालू काय. दुकानदार देईल ती डबी घ्यायची आणि ठो ठो करत सुटायचं. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

त्याआधी एक विषय संपवून टाकतो, कारण मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं हमखास विचारतात. परदेशात लोक उडवलेल्या पिस्तूल काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करतात, साफ करतात, आणि साइझिंग डाय नावाच्या साच्यात प्रेसनं दाबून परत मूळ मापाला आणतात. बार उडाला की आतल्या दाबानं पुंगळी फुगून चेंबरला चिकटते, मग थोडी आकसते पण पूर्वीच्या मापावर काही येत नाही, म्हणून ते दाबून घेणं. तिकडं हा रीतसर छंद आहे. आपल्याकडं नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये ॲम्युनिशन या शब्दात काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा धरलेली आहे आणि बनवण्यासाठी वेगळं लायसन्स लागतंय, घरी ठेवायच्या बंदुकीचं लायसन्स त्याला चालत नाही. आपल्या भागात माजी सैनिक घरोघरी आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच इथं आहे, त्यांना विचारा, फायरिंग झाल्यावर रेंजवर पुंगळ्या मोजून परत जमा करायला लागायच्या. एनसीसी केलेल्यांनाही हे ठाऊक असेल. तेव्हा उद्यमबागेत कुणाच्या तरी लेथवर डाय करून घेऊ वगैरे डोक्यातसुद्धा आणू नका.

एअर पिस्तूलचं तसं नाही. २०१६ च्या आर्म्स रुल्सप्रमाणं ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर लायसन्सचा विषय येतो, आणि आपलं दहा मीटरचं मॅच पिस्तूल ४.५ चंच असतंय आणि ताकद त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. तरी पिस्तुलाचं बिल आणि दुकानानं दिलेले कागद जपून ठेवा, प्रवासात झेरॉक्स जवळ ठेवा. आणि पुंगळीच्या बाबतीत परदेशातले ते लोक जी चिकाटी दाखवतात, मापाची, निवडीची, तीच सगळी चिकाटी आपल्याला छर्र्यांवर वापरता येते.

पहिलं काम, छर्रा हातात घेऊन नीट बघायचा

एक छर्रा बोटांच्या चिमटीत धरा आणि खिडकीच्या उजेडात आडवा करा. मध्ये कंबर आवळलेली दिसेल, डमरूसारखी. पुढचा भाग म्हणजे हेड, मागचा पसरट पोकळ भाग म्हणजे स्कर्ट. दोघांची कामं वेगळी. हेड बॅरलमधल्या रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, उंचवट्यांवर टेकून सरळ चालतं, छर्रा तिरका होऊ देत नाही. स्कर्ट पातळ असतो, मागून हवेचा दाब आला की तो बाहेर पसरून बॅरलला घट्ट बसतो, हवा निसटत नाही आणि छर्र्याला फिरकी मिळते. मॅच पिस्तुलात ही हवा येते २०० बार दाबाच्या सिलिंडरमधून, रेग्युलेटरमार्गे, दर वेळी सारखी मोजून. म्हणजे पिस्तूल आपलं काम दर वेळी सारखंच करतंय. बदल होतो तो तुमच्या हातात आणि त्या अर्ध्या ग्रॅमच्या शिशात.

आता स्कर्टची कडा बघा. गोल पाहिजे, एकसारखी. कुठं चेपलेली, कुठं बारीक दात पडलेला, कुठं शिशाचा तुसा लोंबतोय असं असेल तर तो छर्रा बॅरलमधून बाहेर पडताना मागची हवा एका बाजूनं आधी सुटणार आणि छर्र्याला बाजूला ढकलणार. हेडवरचा ओरखडा एवढा त्रास देत नाही. म्हणून निवडताना डोळा आधी मागच्या कडेवर जाऊ दे, नवीन माणूस नेमका पुढूनच बघत बसतो.

विकत घेताना

हेड सपाट असलेलेच घ्या, त्याला वॅडकटर म्हणतात. टोकदार, गोल डोक्याचे, आत पोकळी असलेले छर्रे डबीवर कितीही भारी चित्र असलं तरी आपल्या कामाचे नाहीत. सपाट हेड कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतं, आणि आपल्या खेळात भोकाची कड रिंगला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, तेव्हा कड स्पष्ट दिसली पाहिजे. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग नऊ की दहा यावर वाद.

वजन मॅच छर्र्यांत साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅम असतं. पिस्तूलवाले बहुतेक हलक्या बाजूचे घेतात, रायफलवाले जड. हा काही नियम नाही, तुमच्या बॅरलला जड चालले तर जड वापरा. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी ही नावं रेंजवर कानावर पडतीलच, तिघांच्याही मॅच मालात वाईट असं काही नाही. पण एका कंपनीचा छर्रा मित्राच्या पिस्तुलात सुंदर चालतो म्हणून तुमच्यात चालेलच असं समजू नका, एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांतसुद्धा फरक पडतो.

मग हेड साइज. चांगल्या डबीच्या मागं किंवा झाकणावर छोटा स्टिकर असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असं काहीतरी. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक. बॅरलला घट्ट होईल तो नको आणि सैल होईल तोही नको, पण कुठला बरोबर हे डबी वाचून कळत नाही, मारूनच कळतं, त्याची पद्धत खाली सांगतो. आधी ४.४९ आणि ४.५० अशा एकेक डब्या घ्या. दोन कंपन्यांच्या मिळून चार डब्या झाल्या तर नवीन माणसाला टेस्टला पुष्कळ झालं. सगळं कपाट भरू नका.

स्टिकरवर किंवा डबीच्या तळाला लॉट नंबरही असतो. त्याचा फोटो काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. तीच कंपनी, तेच मॉडेल, तीच हेड साइज, पण लॉट बदलला की छर्रा बदलला असं धरून चालायचं, कारण डाय झिजतात, बदलतात, शिशाच्या मिश्रणातही थोडं इकडंतिकडं होतं.

रोजच्या प्रॅक्टिसला मात्र स्वस्तातले वॅडकटर चालतात, आणि हे मी मनापासून सांगतोय कारण आईबाप पोराच्या हौसेपायी महागड्या डब्या आणतात आणि पोरगं अजून सात आणि आठच्या मध्ये फिरत असतंय. त्या पैशात महिन्याला चार तास जास्त रेंज मिळाली तर पोराचा जास्त फायदा होईल. का, ते आकड्यांत बघा.

थोडं गणित, पण कामाचं

एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे. छर्रा ४.५ मिलिमीटर. कड टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत लांब पडलं तरी दहाच. एअर रायफलमध्ये दहा म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथं हेच गणित अडीच मिलिमीटरवर येतं. रायफलवाले छर्र्यांच्या मागं एवढे का लागलेले असतात ते यावरून कळेल, त्यांचं बघून पिस्तूलवाल्यानं तेवढंच हैराण व्हायचं कारण नाही. आपल्याला क्लॅम्पमध्ये किंवा टेकूवर ८ मिलिमीटरच्या आतला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, देणारा छर्रा मिळाला की पुढचं सगळं आपल्या हातावर, डोळ्यावर आणि ट्रिगरवर.

पण म्हणून छर्रा बिनमहत्त्वाचा असं पण नाही हं. वाईट छर्रा, चेपलेला, बॅरलला न जमणारा, वीस-पंचवीस मिलिमीटरचा ग्रुप देऊ शकतो. नऊची रिंग २७.५ मिलिमीटरची आहे हे लक्षात घ्या. तुम्ही अगदी बरोबर शॉट सोडलात आणि पडला नऊवर, तर शिकणाऱ्याचं डोकं फिरतं, तो नसलेली चूक दुरुस्त करायला जातो, ग्रिप बदलतो, साइट फिरवतो. नुकसान इथं आहे. पुढच्या टप्प्यावर, सिनियर गटात, फायनलमध्ये १०.२ की १०.६ असे दशांशात गुण मोजतात तिथं छर्रा अजून बोलायला लागतो, फायनलमध्ये एक शॉट जास्तीत जास्त १०.९ असतो आणि मेडल दशांशावर जातं.

डबी उघडल्यावर निवड

पांढरा किंवा फिक्या रंगाचा उथळ ट्रे घ्या, स्वयंपाकघरातला नको, छर्र्यांसाठी वेगळा ठेवायचा, आणि त्यात तळाला मऊ कापड. डबी एकदम उपडी करू नका, शिसं मऊ असतं, एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपतात आणि कारखान्यातून चांगला आलेला माल आपणच वाया घालवतो. हळूच तिरकी करून थोडे थोडे सोडा. बाजूला खिडकी किंवा टेबल लॅम्प. मग एकेक छर्रा स्कर्ट वर करून उभा करत जायचं, पोकळ बाजू डोळ्यासमोर. चेपलेला लगेच दिसतो कारण गोलाच्या रांगेत तो एकटा अंड्यासारखा असतो. तो बाजूला काढा. पेनाच्या टोकानं आतून गोल करून सरळ करायचा प्रयत्न काही जण करतात, प्रॅक्टिससाठी ठीक आहे, मॅचच्या ट्रेमध्ये तसला घालू नका. तळाशी राहिलेले शिशाचे बारीक तुकडे, पापुद्रे फुंकून उडवू नका, ओल्या टिश्यूनं टिपून घ्या. हे का ते शिशाच्या भागात सांगतो.

चांगल्या डबीत पाचशेत मोजके वाईट निघतात. मूठभर निघायला लागले तर ती डबी वाटेत आपटलेली आहे, कुरिअरचा माल असेल तर हे होतं, आणि मग सरळ प्रॅक्टिसला काढायची.

मोजमापाची हौस

आपल्या भागात हे जरा जास्त सांगायला लागतं कारण उद्यमबागेत, फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला असलेली माणसं घराघरात, मायक्रोमीटर आणि व्हर्नियर हातातली हत्यारं. लगेच छर्रा मायक्रोमीटरमध्ये धरला जातो. शिसं इतकं मऊ आहे की रॅचेट एकदा टिक्क झालं तरी कडेला दाबलं जातं आणि दुसऱ्यांदा मोजलं की वेगळं माप येतं. त्यात छर्र्याचं हेड पूर्ण गोल नसतंच, दोन दिशांना दोन मापं. मशीन शॉपमध्ये भोक मोजायला जसे गो-नोगो गेज असतात त्याच तत्त्वावर छर्र्यांचे गेज मिळतात, पातळ प्लेटमध्ये शंभराव्या भागाच्या फरकानं भोकं, छर्र्याचं हेड ज्या भोकात हलकेच अडकतं ते त्याचं माप. हे मायक्रोमीटरपेक्षा खरं बोलतं. पण ते रायफलवाल्यांनी आणि फार पुढं गेलेल्या पिस्तूलवाल्यांनी वापरावं. नवीन माणसानं डबीच्या स्टिकरवर विश्वास ठेवावा.

वजनाचंही तेच. शहापूरला सराफाकडं असतो तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणून पाचशे छर्रे तोलायला बसणारे लोक आहेत. हिशोब बघा. छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटरनं सुटतो, दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो जवळजवळ २२ मिलिमीटर खाली येतो. हे खाली येणं साइटमध्ये धरलेलंच असतं. आता दोन छर्र्यांत ०.०१ ग्रॅमचा फरक निघाला, म्हणजे दोन टक्के, तर वेग एखाद टक्का बदलेल आणि टार्गेटवर फरक पडेल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. आणि ज्या काट्याची सगळ्यात लहान पायरीच ०.०१ आहे तो त्या पायरीवर खात्रीनं सांगतही नाही. एक संध्याकाळ घालवून काय मिळालं? काही नाही. ती संध्याकाळ रिकाम्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर ओढायचा सराव, करा की.

अजून एक वस्तू म्हणजे पेलेट साइझर. पितळी पुंगळीचा डाय जसा, तसाच हा छर्र्यांचा. एका अचूक भोकातून छर्रा ढकलायचा की सगळे एकाच मापाचे बाहेर. ऐकायला छान वाटतंय. पण पुंगळी दाबून घ्यायला लागते कारण ती फुगलेली असते, मॅचचा छर्रा कारखान्यातूनच मापाला आलेला असतो. साइझरमधून ढकलताना स्कर्टही आवळला जातो, म्हणजे जो भाग पसरून हवा अडवणार तोच आपण बारीक करून ठेवला. मोठ्या हेडचे स्वस्त छर्रे फारच घट्ट बसत असतील, स्प्रिंगच्या जुन्या एअरगनमध्ये वगैरे, तर कुणाला उपयोग होत असेल. मॅच पिस्तूलसाठी माझं मत स्पष्ट आहे, साइझर घेऊ नका, बरोबर हेड साइजची डबी घ्या.

टेस्टिंग, हे मात्र मन लावून करा

हात वापरून छर्र्याची परीक्षा करायची नाही. नवीन माणसाचा हात टार्गेटवर पन्नास-साठ मिलिमीटर फिरत असतो, त्यात छर्र्याचा सहा-सात मिलिमीटरचा फरक कुठं दिसणार. मोठ्या रेंजवर, किंवा पिस्तूल कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांकडं, पिस्तूल पक्कं आवळायचा क्लॅम्प असतो, संधी मिळाली तर सोडू नका. नसेल तर सँडबॅग. जाड कापडाच्या दोन छोट्या पिशव्या शिवून घ्या, चाळलेली कोरडी वाळू भरा, फाउंड्रीत ओळख असेल तर तिथली बारीक वाळू यासाठी फार उत्तम, पण आधी वापरलेली काळी नको, नवी कोरडी मागा आणि भरताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. भक्कम टेबल, त्यावर पिशव्या, एकीवर पिस्तुलाच्या फ्रेमचा पुढचा भाग, दुसरीवर मनगट. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला टेकवायचा नाही. दोन्ही हातांनी धरलं तरी चालेल, इथं गुण मिळवायचे नाहीत.

सुरुवातीला त्या त्या छर्र्याचे सात-आठ शॉट नुसते मारून घ्या, मोजायचे नाहीत. आधीच्या छर्र्याच्या शिशाचा आणि तेलाचा थर बॅरलमध्ये असतो, नवीन छर्रा आपला थर बसवायला थोडा वेळ घेतो. मग नवीन कार्डावर दहा शॉट. पाच पाचचे ग्रुप मारून निकाल लावणारे खूप आहेत पण पाच शॉटमध्ये नशीब फार असतं, एखादा सुंदर ग्रुप कुठल्याही छर्र्याचा पडतो. दहा शॉटचे तीन ग्रुप प्रत्येक छर्र्याचे, आणि आळीपाळीनं, म्हणजे आधी पहिल्या डबीचा एक, मग दुसरीचा एक, तिसरीचा, चौथीचा, परत पहिलीपासून. नाहीतर दमल्यावर शेवटी मारलेल्या बिचाऱ्या डबीवर अन्याय होतो. डबी बदलली की सुरुवातीचे नुसते शॉट मारायला विसरू नका. जमलं तर दुसऱ्या कुणालातरी ट्रेमध्ये छर्रे घालून द्यायला सांगा, कुठली डबी चालू आहे ते तुम्हाला कळताच कामा नये, महागड्या डबीला माणूस नकळत जास्त जपून ट्रिगर ओढतो.

टेस्ट चालू असताना साइट फिरवायची नाही. ग्रुप मध्यात नसला तरी असू दे, वेगळा छर्रा थोडा वर-खाली पडणारच. आपल्याला ग्रुप किती गोळा झालाय ते बघायचंय, कुठं पडलाय ते नंतर. फौजेतली माणसं हे पटकन समजतात, त्यांच्याकडं आधी ग्रुपिंग आणि मग झिरोइंग, म्हणजे साइट फिरवून ग्रुप मध्यात आणणं, हा क्रम अंगात मुरलेला असतो.

मोजायचं असं. ग्रुपमधली सगळ्यात लांबची दोन भोकं शोधा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजा, त्यातून साडेचार वजा करा. इथं व्हर्नियर बरोबर कामाचा. कार्डाच्या मागं तारीख, डबीचं नाव, हेड साइज, लॉट नंबर आणि माप लिहा. एखादा शॉट लांब गेला तर तो "चुकून गेला" म्हणून पुसायचा नाही, सोडताना तुम्हाला हात हलल्याचं जाणवलं असेल आणि भोक बघायच्या आधी तुम्ही ते तोंडानं बोलला असाल तरच तो धरू नका. तीन ग्रुपांची सरासरी काढा. दोन डब्यांत मिलिमीटरभराचाच फरक निघाला तर दोन्ही सारख्याच समजा आणि जी स्वस्त, जी कायम मिळते, ती घ्या. बेळगावात हा मुद्दा मोठा आहे, मॅचचे छर्रे बहुतेक वेळा बाहेरून मागवायला लागतात, आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर माल संपला तर सगळ्यात भारी छर्रा काय उपयोगाचा.

ठरलं की त्याच लॉटच्या सहा महिन्यांच्या डब्या एकदम घ्या. सहा महिने म्हणजे तुमच्या खेळण्यावर आहे, आठवड्याला तीनशे शॉट मारत असाल आणि त्यातले मॅच छर्रे शंभर असतील तर पाच-सहा डब्या होतात.

पावसाळा

आपल्याकडचा पावसाळा, त्यातही खानापूर-जांबोटीच्या बाजूचा, शिशाला मानवत नाही. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथं छर्र्यांचं काय होणार. आधी चमक जाऊन ते करडे होतात, एवढ्यानं काही बिघडत नाही. पण पांढरी भुकटी दिसायला लागली तर तो माल गेला, तो वापरायचा नाही आणि हातानं पुसायचाही नाही, ती भुकटी विषारी असते. लाकडी पेटी आणि पुठ्ठ्याचे खोके टाळा, लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेनं हे लवकर होतं. छर्र्यांच्या डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. वर तेल चोळू नका, कारखान्यातून आलेला हलका थर पुरेसा असतो, जास्त तेलानं छर्रे एकमेकांना चिकटतात आणि वेगात फरक पडतो.

शिसं, आणि घरातली लहान मुलं

या भागात मी अजिबात सूट देणार नाही. शिसं शरीरात साठतं, आणि मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. छर्रा तोंडात धरायचा नाही, काही जुने लोक लोड करताना ओठात धरतात, त्यांना हात जोडून सांगा. शर्टाच्या खिशात सुटे छर्रे नकोत. शूटिंग करताना चहा नाही, बिस्कीट नाही, भडंग नाही. झाल्यावर साबणानं आणि गार पाण्यानं हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर लावून शिसं जात नाही. मग खायचं.

घरी दहा मीटर लांबीची जागा काढून प्रॅक्टिस करत असाल, जुन्या घराच्या माजघरापासून परसापर्यंत निघते ती, तर टार्गेटमागं छर्रे पकडायची पेटी पाहिजेच, आत तिरकी लोखंडी प्लेट, छर्रा खाली वळून पेटीत पडतो. तिच्या आजूबाजूला जी करडी धूळ साचते ती झाडूनं झाडायची नाही, हवेत उडते. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर घरात मारूच नका, रेंजवर जा. आणि साठलेलं शिसं वितळवून काहीतरी ओतायची आयडिया आपल्या भागात कुणाच्याही डोक्यात येईल, ओतकामाचा भाग आहे, पण घरी चुलीवर, गॅसवर शिसं वितळवायचं नाही म्हणजे नाही. बंद डब्यात साठवा, भंगारवाल्याला शिसं म्हणून सांगून द्या.

त्याच ओघात, समोर टार्गेट सोडून दुसऱ्या कशावर नेम धरायचा नाही. वानर बागेत आलं, पारवे घाण करतात, असल्या कारणांनी एअरगन काढणारे आपल्याकडं आहेत, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा विषय होऊ शकतो, आणि कायदा नसता तरी जखमी होऊन तडफडणारा जीव कुणाच्या खेळासाठी नको. डोळ्यांवर चष्मा, लोखंडी गोळ्या म्हणजे बीबी या रायफलिंगच्या बॅरलमध्ये कधीच नाही, आणि पिस्तूल खाली ठेवताना बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅगची दोरी, म्हणजे आत छर्रा नाही हे दिसतं.

बॅरल साफ किती करायचं

नवीन लोक एकतर कधीच करत नाहीत नाहीतर रोज करतात. छर्र्यांबरोबर फेल्टचे छोटे क्लीनिंग पेलेट मिळतात, हजारभर शॉटनंतर दोन-तीन मारले, पहिला काळा निघाला आणि तिसरा फिकट निघाला, झालं. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते माना. स्टीलचा गज आत घालू नका, बॅरलच्या तोंडाची कड एकदा खरवडली की कुठलाही छर्रा त्याला सरळ सुटणार नाही. साफ केल्यावर लगेच ग्रुप पसरतो, घाबरू नका, पाच-दहा शॉटनंतर परत जमतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई नको.

स्पर्धेच्या दिवशी

साठ शॉट असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तास, त्याआधी तयारी आणि साइटिंगची, म्हणजे गुण न धरता मारायच्या शॉटची, पंधरा मिनिटं. आदल्या दिवशी निवडलेले छर्रे दोन छोट्या डब्यांत भरा. एकीत बरोब्बर साठ, दुसरीत साइटिंगसाठी पंचवीस-तीस. साइटिंग संपलं की ती डबी बॅगेत टाका आणि साठची उघडा. मॅच चालू असताना स्क्रीनकडं बघून गुणांची बेरीज करत बसण्यापेक्षा ट्रेमध्ये किती छर्रे उरलेत आणि घड्याळात किती मिनिटं उरलीत एवढंच बघायचं. वीस छर्रे आणि पंचवीस मिनिटं असतील तर मध्ये एकदा पिस्तूल ठेवून श्वास घ्यायला वेळ आहे. वीस छर्रे आणि पंधरा मिनिटं असतील तर चढवलेलं पिस्तूल उगाच उतरवत बसू नका, पण न जमलेला शॉट सोडूही नका. एखादा छर्रा हातातून खाली पडला तर तो उचलून घालायचा नाही, फरशीवरची धूळ लागलेली असते, स्कर्ट चेपलेला असू शकतो, साइटिंगच्या डबीतला एक घ्या आणि मोजणी तिथंच चालू ठेवा.